‘आदिवासींना टाइप १ मधुमेह होत नाही’ म्हणून मुलांचं इन्सुलिन बंद करू नका

‘रानातलं खाणाऱ्या आदिवासींना टाइप १ मधुमेह होत नाही. मुलाचा गहू-साखर बंद करा, नाचणी आणि कंदमुळं द्या, इन्सुलिन आपोआप सुटेल.’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. इतका धोकादायक मजकूर बिनदिक्कत पुढे ढकलला जातो, याचा मला संताप येतो.

आदिवासींना होत नाही? होतो. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनातले पिमा आदिवासी किंवा ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी यांच्यात तो गोऱ्यांपेक्षा कमी आढळतो, इतकंच. पिमांमध्ये थैमान आहे ते टाइप २ चं, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्या मधुमेहाचं. २००६ च्या अभ्यासात अ‍ॅरिझोनातल्या प्रौढ पिमांपैकी ३८ टक्क्यांना तो होता. मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांमध्ये जेमतेम ७ टक्क्यांना. इथे आहार आणि अंगमेहनतीचा फरक खराच आहे. पण टाइप २ ची गोष्ट टाइप १ च्या लेकरांना लावून कसं चालेल?

खाण्यामुळे होतो? टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. जगात सर्वाधिक प्रमाण फिनलंड आणि सार्डिनिया बेटावर. दोन्हीकडचं जेवण अगदी वेगळं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जनुकांना गुण देऊन टाइप १ ओळखायची, युरोपीय लोकांवर बेतलेली पद्धत पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या रुग्णांवर तपासली, तेव्हा ती भारतीयांनाही लागू पडली.

इन्सुलिन सुटेल? १९२२ पर्यंत उपाय होता तो पथ्याचाच. डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्या उपासमारीच्या पथ्याने मुलं थोडी जास्त जगायची, पण हाडांचा सापळा होऊन. टोरांटोत पहिलं इन्सुलिन मिळालेला लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता, वजन सुमारे ३० किलो. त्यानंतर तो आणखी १३ वर्षं जगला. ‘आमच्या मुलाचं इन्सुलिन कमी झालं’ असे अनुभव खोटे नसतात. उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या पेशी काही महिने पुन्हा काम करतात, म्हणून गरज घटते. तो काळ संपतोच. तेव्हा इन्सुलिन नसेल तर मूल किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेत जातं.

‘आदिवासींना होत नाही’ असं मानलं, तर या मेसेजचा फटका पाड्यांवरही बसू शकतो. सारखी लघवी, न भागणारी तहान, झपाट्याने उतरलेलं वजन, उलट्या, धाप, तोंडाला फळासारखा वास असलेलं मूल दिसलं, तर ते कुठल्याही जमातीचं असो, आधी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर साखर बघा.