राख झाली म्हणजे कापड सुतीच, असे नाही

गोधडी शिवणाऱ्यांच्या आणि शिवणकामाच्या गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे: कापडाचा दोरा जाळावा, कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख उरली तर ते शंभर टक्के सुती आणि उत्तम प्रतीचे समजावे. हे विधान अर्धेच खरे आहे.

या परीक्षेत पॉलिएस्टर ओळखू येते, कारण ते वितळून त्याची कडक गोळी बनते. मात्र व्हिस्कोस रेयॉनही (लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेले सूत) सुताप्रमाणेच सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींतील तंतुद्रव्याचे, असल्याने तेही तसेच जळते, तसाच वास देते आणि तशीच राख ठेवते. 'कॉटन' म्हणून रेयॉन विकले गेले, तर हा संदेश गिऱ्हाइकाला सावध करणार नाही. त्यापेक्षा एक दोरा उसवून मधोमध ओला करून ताणावा: ओले झाल्यावर रेयॉन कमजोर होते आणि बहुधा त्याच जागी तुटते, सूत मात्र अधिक बळकट होते.

प्रतीचा प्रश्न तर वेगळाच आहे. शुद्ध सुती कापडही विरळ विणीचे, खळ चढवून जाड भासवलेले असू शकते. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चोळल्यावर पांढरी भुकटी झडली आणि पोत ढिला पडला, तर गोधडीच्या टाक्यांना ते फार काळ धरणार नाही. उजेडासमोर धरल्यास वीण एकसारखी आहे का, हेही दिसते.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासाही द्यावा.