‘किमासेन का’ हा टोमणा नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मित्रांना जपानीत घरी कसं बोलवावं या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, ‘उचि नि किमासेन का’ म्हणजे शब्दशः ‘घरी येत नाही का?’, हा तर टोमणा झाला. त्यापेक्षा सरळ ‘किमासु का’ का शिकवलं नाही? दोन, जपानी माणसं कुणाला घरी बोलावतच नाहीत, मग हा खटाटोप कशाला?

पहिला आक्षेप मराठी कानाला पटतो, हे कबूल. आपल्याकडे प्रश्नात ‘नाही’ आलं की आग्रहाची गाठ आवळते. ‘अजून एक पोळी नाही का घेणार?’ असं म्हटल्यावर पानावरून उठायची सोयच राहत नाही. जपानीत तेच ‘नाही’ गाठ सैल करतं. तुम्ही येणार नाही असंही असेल, हे धरूनच विचारलेलं असतं, त्यामुळे नकार देणाऱ्याला अवघड होत नाही. ‘किमासु का’ ही नुसती चौकशी आहे : येताय की नाही, ताटं किती मांडू? आणि ‘किताइ देसु का’, म्हणजे ‘यायची इच्छा आहे का?’, हे तर वरिष्ठांना चुकूनही विचारू नका. ‘उचि नि’चं भाषांतर मात्र ‘घरी’ नको, ‘आमच्याकडे’ करा. चपखल बसतं.

नकारही असाच सैल येतो. ‘दोयोबि वा च्योत्तो...’ म्हणजे ‘शनिवारी जरा...’, आणि वाक्य तिथेच सोडून द्यायचं. पुढे ‘का? काय आहे शनिवारी?’ विचारायचं नाही. आपलं ‘बघतो, जमवतो’ ज्याला कळतं त्याला हे शिकवावं लागू नये.

मला मात्र शिकावं लागलं. ऑफिसातल्या एकाने नवीन घर घेतलं. ‘झेहि आसोबि नि किते कुदासाइ’, नक्की या, असं तो सगळ्यांनाच म्हणाला. ‘आसोबि नि’ म्हणजे खरं तर ‘खेळायला’. पन्नाशीच्या माणसालाही तसंच म्हणतात. (आपलं ‘बसायला या’ आता कुठे जाऊन पोचलंय, ते आठवा.) दुसऱ्या आठवड्यात मी विचारलं, कुठल्या शनिवारी येऊ? तो हसला, मान हलवली आणि कॅलेंडरकडे बघत राहिला. ‘या एकदा घरी’ ऐकून मी मराठीत कधी तारीख मागितली होती?

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण निम्मंच. घरं लहान, प्रवास लांब, म्हणून भेटीगाठी बहुतेक इझाकायातच, म्हणजे खाण्यापिण्याच्या छोट्या बारमध्येच, होतात. पण विद्यार्थी आणि जवळचे मित्र घरी जमतात. ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपस घातलेले पिठाचे गोळे, करायला जमले तर ‘ताकोपा’, एका भांड्याभोवती बसले तर ‘नाबेपा’. असे शब्द उगाच रुळत नाहीत. आणि बोलावणं आलंच, तर दारात ‘ओज्यामा शिमासु’ म्हणायचं, म्हणजे ‘तुम्हाला त्रास द्यायला आलोय’. त्यातला ज ‘ज्या’तला, ‘जागा’तला नव्हे. यजमान म्हणतो, ‘दोझो, आगात्ते कुदासाइ’, वर या. दाराजवळची जागा खरोखरच पायरीभर खाली असते, तिथे चपला सोडून वर चढायचं.

एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. सेम्पाइलाही, म्हणजे शाळेत वा कामात आपल्याहून सीनियर असलेल्यालाही, ‘किमासेन का’च चालेल असं मी लिहिलं होतं. चालवून घेतील, पण मोठ्यांना त्याचंच आदरार्थी रूप, ‘इराश्शाइमासेन का’, शोभतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत की वर्गातल्या मुलांना जेवायला कसं बोलवू. हे म्हणा : ‘कोन्दो नो दोयो, उचि दे कारे त्सुकुरुन्दा केदो, कोनाइ?’ येत्या शनिवारी आमच्याकडे करी करतोय, येतोस? दिवस ठरलेला, बेत ठरलेला, म्हणजे हे नुसतं बोलण्यापुरतं नाही हे त्यांना कळेल. ‘कोनाइ?’नंतर गप्प बसा. ‘काही आणू का?’ असं विचारतील, तर ‘नोमिमोनो’ सांगा, काहीतरी प्यायला आणतील. ‘काही नको’ म्हणालात तरी हात हलवत कुणी येणार नाही, आणि मग तुमच्याकडे एकाच दुकानातल्या बिस्किटांचे चार डबे जमतील.