बिल नसलेलं बियाणं

पेरणी जवळ आली की यवतमाळकडून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच विषय असतो, चोरबीटी. तणनाशक फवारलं तरी न मरणाऱ्या, जनुकबदल केलेल्या कपाशीचं हे बियाणं. त्याला सरकारी मान्यता नाही, तरी गावोगाव मिळतं. दारव्ह्याजवळचा माझा चुलतभाऊ म्हणतो, "का करतं दादा, सारेच लावून रायले." विकणारा म्हणतो, शेतकरी मागतात म्हणून ठेवतो. आपण स्वतः काही ठरवलं, असं कोणीच म्हणत नाही.

मी दक्षिण फ्रान्समध्ये राहतो. याच देशात तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्रने १९४३ साली मांडलं की माणसाची मोठी अप्रामाणिकता स्वतःशीच असते. निवड आपण करतो आणि 'दुसरा मार्गच नव्हता' असं आधी स्वतःला पटवतो. १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात तो आणखी पुढे गेला: स्वतःसाठी निवडताना माणूस साऱ्या माणसांसाठी निवडत असतो. 'सारेच लावतात' या वाक्याची त्याने नेमकी उलटी बाजू दाखवली.

इथे जनुकबदल केलेली पिकं उपटणारी चळवळ आहे. लार्झाकच्या पठारावर मेंढ्या पाळणारे जोझे बोव्हे अशी पिकं नष्ट केल्याबद्दल २००३ मध्ये तुरुंगात गेले. त्याच्या अगदी विरुद्ध मागणी घेऊन १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं बियाणं आधी जाहीर करून, दिवसाढवळ्या पेरलं. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. गुन्हेही दाखल झाले. हे बियाणं हवं की नको, यावर माझं मत अजून डळमळतं. पण केल्या कामाखाली स्वतःचं नाव लिहिण्यात लार्झाक आणि अकोली मला सख्खे भाऊ वाटतात.

मग माझा भाऊ दोषी का? इथे मला सार्त्रपेक्षा त्याच्या काळातल्याच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारचं म्हणणं जास्त पटतं: स्वातंत्र्य सगळ्यांना सारख्या मापाने मिळत नाही, आणि दुसऱ्याची वाट अडवणाऱ्याचा जाब आधी घ्यायचा. पाऊस लागून राहिला, निंदणाला बाया मिळाल्या नाहीत की कोरडवाहू चार एकर तणात जातात, आणि पीककर्ज तसंच राहतं. त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत, दोन्ही वाईट. विकणाऱ्याला तर रोज वाट मोकळी आहे. तो जाणूनबुजून बिल देत नाही. बियाणं उगवलं नाही तर पाकीट घेऊन भावाने तक्रार करायची कुठे? नुकसान सगळं त्याचं. अशा व्यवहाराला 'मजबुरी' म्हणण्याचा हक्क विकणाऱ्याला नाही, आणि भरारी पथकांनी शेताच्या बांधावर नव्हे, गोदामाच्या दारात उभं राहावं.

भावाला मी एवढंच सांगितलं की पेरशील तर मला 'सारेच' सांगू नको, 'मी पेरलं' म्हण. तो चिडला. "तिथून बोलणं सोपं हाय," म्हणाला. खरंच सोपं आहे. तरीही माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.