विजेच्या बिलामागचा वंशवृक्ष

आईचा पाय प्लास्टरमध्ये आणि तिच्या मालिकेला रविवारची सुट्टी. म्हणून मी हौसेने 'कडैकुट्टी सिंगम' लावला. दिग्दर्शक पांडिराजचा २०१८ चा तमिळ चित्रपट. गाव, शेती, बैलगाड्यांची शर्यत, भरलं घर आणि खाली इंग्रजी ओळी. आईला इंग्रजी येत नाही, मला तमिळ येत नाही. थोडक्यात, पुढचे अडीच तास मी बिनपगारी दुभाष्या.

"नावाचा अर्थ काय?"

"कडैकुट्टी म्हणजे शेंडेफळ. शेंडेफळ सिंह."

"सिंघम पोलिसात असतो."

"हा शेतकरी आहे."

तिला पटलं नाही. तेवढ्यात 'बाहुबली'तला सत्यराज आला. "अगंबाई, कट्टप्पा!" झालं, पात्राचं रणसिंगम हे नाव तिने तिथल्या तिथे रद्द केलं.

तर कट्टप्पाला मुलगा हवा. पहिल्या बायकोला मुलीच मुली, म्हणून तिच्याच धाकट्या बहिणीशी दुसरं लग्न. तिलाही मुलगी. मग पहिलीलाच मुलगा झाला, तो आपला नायक, कार्ती. "तेव्हा दुसरं लग्न कशाला केलं मेल्यानं?" आई म्हणाली. रास्त मुद्दा होता, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. पाच बहिणी, त्यांचे नवरे, पोरंबाळं, सगळी एकदम बोलत होती. मी ओळ वाचून "हा तिसरीचा नवरा, म्हणजे ही..." म्हणेपर्यंत चौथी रुसलेली असायची.

"थांबव. ही कोण?"

शेवटी विजेचं बिल पालथं घातलं आणि वंशवृक्ष काढायला बसलो. वर कट्टप्पा, त्याच्या दोन्ही हातांना दोन बायका, खाली पाच फांद्या. जावयांना जागा पुरेना, म्हणून त्यांना समासात बसवलं. जावई तिथेच शोभतात, असं आईचं मत पडलं. (मीही कुणाचा तरी जावई आहे.)

"आणि या दोन पोरी?"

"यांना कार्तीशी लग्न करायचंय."

"लागतात कोण त्याच्या?"

"भाच्या. बहिणींच्या मुली."

आईने कप बशीत ठेवला. "हाक काय मारतात त्याला?"

"मामा."

यानंतर चित्रपट बराच वेळ थांबलेलाच होता. आपल्याकडे 'मामांनी मुलीला घेऊन यावे' असं भटजी ओरडले की मामा भाचीला बोहल्यापर्यंत पोचवतो आणि मागे उभा राहतो. तो स्वतःच पुढे येऊन हार घालतो, हे तिला झेपेना. मी कायदा काढला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मामा-भाचीचं लग्न निषिद्धच, पण रूढी असेल तिथे चालतं. कायद्याने आई आजवर कधीच नमलेली नाही. मग मी घरातलंच काढलं.

"तू आजोबांना मामंजी म्हणायचीस. आजीला आत्याबाई. का?"

"पद्धत होती."

"का होती? मामा-आत्याच्या घरातच मुली द्यायचे म्हणून ना?"

"ते मामाच्या मुलाशी रे. खुद्द मामाशी नाही," ती म्हणाली आणि हातानेच पुढे चालू कर म्हणून खुणावलं.

पुढे कार्ती बाहेरच्याच मुलीच्या प्रेमात पडला, बहिणींचे रुसवेफुगवे झाले, आणि एकही ओळ वाचायला न लावता आई डोळे पुसत थोरलीच्या बाजूने भांडू लागली.

मंगळवारी सांगलीहून मामा आला, तिचा पाय बघायला. माझ्या बहिणीची पोरगी "मामाआजोबा!" करत त्याच्या गळ्यात पडली, तशी आई बसल्या जागेवरून कडाडली, "ए, लांब बस जरा!"

मामा कावराबावरा. "काय झालं हिला?"

मी मुकाट्याने विजेचं बिल काढून त्याच्या हातात दिलं.