सोसायटीची समिती पाच वर्षांनंतर ‘आपोआप’ चालू राहते का?

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे आणि अनेक ठिकाणी तो कायद्याचे पुस्तक असल्यासारखा वाचला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीची पाच वर्षे पदभार घेतल्याच्या दिवसापासून मोजावीत, मध्ये चेअरमन किंवा सेक्रेटरी बदलले तर मोजणी नव्याने सुरू होते, सर्वसाधारण सभा ठराव करून मुदत वाढवू शकते, ठराव नसला तरी नवी समिती येईपर्यंत जुनीच कायम असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच वर्षांचे बंधनच उरलेले नाही, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान जसे लिहिले आहे तसे टिकत नाही, मात्र एकात अर्धे सत्य आहे आणि गोंधळ मुख्यतः त्यातूनच वाढतो.

सुरुवात शेवटच्या विधानापासून करतो, कारण ऐकायला तेच सर्वांत भारदस्त वाटते. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ९७व्या घटनादुरुस्तीतला सहकारी संस्थांविषयीचा भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द ठरवला, हे खरे आहे. कारण असे की, सहकारी संस्था हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि त्या दुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची आवश्यक ती संमती घेतलेली नव्हती. परंतु महाराष्ट्रातल्या समित्यांची पाच वर्षांची मुदत केवळ घटनेच्या त्या भागावर उभी नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये राज्य विधिमंडळाने २०१३ साली केलेल्या दुरुस्तीतून आलेली आहे, आणि २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कलम १५४ब पासूनचे स्वतंत्र प्रकरण अधिनियमात घातले गेले तेव्हाही ती पाचच वर्षे ठेवली गेली. राज्यांच्या अधिकारावर अतिक्रमण झाले म्हणून रद्द झालेल्या तरतुदीच्या आधारे राज्याचा स्वतःचा कायदाही गेला, असे म्हणणे म्हणजे निकालाचा अर्थ नेमका उलटा लावणे होय.

मोजणीविषयीचे विधानही चुकीचे आहे. कायद्यातले शब्द ‘निवडणुकीच्या दिनांकापासून पाच वर्षे’ असे आहेत. समजा, एखाद्या सोसायटीत रविवार, १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मतदान होऊन त्याच दिवशी निकाल लागला, २६ फेब्रुवारीला नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत चेअरमन, सेक्रेटरी व खजिनदार निवडले गेले आणि दप्तर, चेकबुके, टेरेसच्या किल्ल्या असा सगळा ताबा मार्चच्या मध्यावर मिळाला, तरी मुदत ११ फेब्रुवारी २०२८ रोजीच संपते. ताबा देण्यात जुन्या मंडळींनी महिना घालवला, म्हणून नव्यांना एक महिना जास्त मिळत नाही. आमच्या सोसायटीत मी काही वर्षे खजिनदार होतो. इतिवृत्ताच्या वहीत निवडणुकीची तारीख एका पानावर, पहिल्या बैठकीची दुसऱ्या पानावर आणि बँकेत सह्या बदलल्याची नोंद तिसऱ्याच ठिकाणी होती, आणि पाच वर्षांनी वाद झाला तेव्हा प्रत्येक जण आपल्या सोयीचे पान उघडून दाखवत होता.

पदाधिकारी बदलल्याने मोजणी नव्याने सुरू होते, हे तर उघडच चूक आहे. पदाधिकाऱ्यांची मुदत समितीच्या मुदतीबरोबरच संपते, आणि मध्येच रिकाम्या झालेल्या जागेवर घेतलेल्या सदस्यालाही उरलेलाच काळ मिळतो, मग तो चार वर्षांचा असो की चार महिन्यांचा.

ठरावाचा मुद्दा लोकांना पटतो, कारण सर्वसाधारण सभा सर्वोच्च असते हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. मात्र अधिनियमाच्या कलम ७२ मध्ये त्या वाक्याला अट जोडलेली आहे: सभेचा अंतिम अधिकार अधिनियम व नियम यांच्या अधीन राहून आहे. त्यामुळे ‘निवडणुकीचा खर्च वाचावा म्हणून विद्यमान समितीस दोन वर्षे मुदतवाढ देण्यात येत आहे’ असा ठराव सप्टेंबरच्या वार्षिक सभेत चहा-समोसा येण्याआधी एकमताने संमत झाला, तरी त्याने एक दिवसही वाढत नाही. निवडणूक बिनविरोध होऊ शकते. पण बिनविरोध निवडणूक आणि निवडणूकच न होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता अर्धे सत्य असलेले विधान. कोविडच्या काळात सहकारी संस्थांच्या निवडणुका राज्य सरकारनेच अनेकदा पुढे ढकलल्या आणि तोवर जुन्या समित्याच काम पाहत राहिल्या. ‘नवी येईपर्यंत जुनी कायम’ ही समजूत बहुधा त्या दोन वर्षांत घट्ट झाली असावी. पण तिथे निवडणूक समितीच्या हाताबाहेरच्या कारणाने लांबली होती. जिथे समितीच हातावर हात ठेवून बसते तिथे कायदा वेगळे सांगतो. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे वरच्या उदाहरणात ऑगस्ट २०२७ च्या पूर्वार्धातच, निवडणूक यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी समितीची असते. समितीने जाणूनबुजून निवडणूक टाळली तर मुदत संपताच सदस्यांची पदे जातात आणि निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी, कलम ७७अ खाली तात्पुरती समिती किंवा प्राधिकृत अधिकारी नेमू शकतात. संस्था लहान आहे, ही सबबही चालत नाही. २५० पर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थांना निवडणुकीची सोपी पद्धत दिलेली आहे, निवडणुकीतून सूट दिलेली नाही.

याच्या उलट टोकाची भीतीही काही गटांवर दिसते: मुदत उलटली की आधीची सगळी कामे बेकायदा, लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे परत मागा, मेंटेनन्स भरू नका. तेही खरे नाही. समितीच्या रचनेत किंवा नेमणुकीत दोष होता असे मागाहून आढळले, एवढ्याच कारणाने सद्भावनेने केलेली कृती रद्द होत नाही, असे संरक्षण कलम ७७ मध्ये आहे. मेंटेनन्स तर संस्थेचे देणे आहे, चेअरमनचे नव्हे. मात्र या संरक्षणाने झालेले काम वाचते. खुर्चीवर आणखी बसण्याचा हक्क मिळत नाही.

हे सारे सहकारी गृहनिर्माण संस्थांपुरते आहे. ज्या इमारतींत महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालील असोसिएशन आहे, तिथे मुदतीचे उत्तर नोंदणीकृत घोषणापत्राबरोबरच्या उपविधींत, म्हणजे असोसिएशनच्या अंतर्गत नियमांत, शोधावे लागते, आणि ते पाच वर्षांचेच असेल असे नाही. फिरत्या संदेशात हा भेद कुठेच केलेला नाही, त्यामुळे तो पुढे पाठवण्याआधी आपल्या फाटकावरच्या पाटीवर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ लिहिले आहे की ‘असोसिएशन’, एवढे तरी पाहून यावे.