करार झाला, आता द्राक्षं तेवढी पाठवा!

अभिनंदन! 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी मुक्त व्यापार करार झाला. ऑक्टोबरात तिकडचे पंतप्रधान स्टार्मर भलंमोठं शिष्टमंडळ घेऊन मुंबईला येऊन गेले. राज्य सरकारचा या मैत्रीला पाठिंबा आहे, तोही अगदी मनापासून. म्हणजे तुमच्या दोन एकर थॉमसन द्राक्षांना आता लंडनचा रस्ता मोकळा. काही किरकोळ पथ्यं आहेत, तेवढी पाळा.

आधी नोंदणी. निर्यातक्षम बागेची नोंदणी ऑनलाइन असते, म्हणजे घरबसल्या होते. किती दिवस घरी बसायचं, ते विचारू नये. आमचा यंदाचा अर्ज परत आला तो 'क्षेत्र जुळत नाही' या शेऱ्यासह. सातबाऱ्यावर 0.80 हेक्टर, नकाशात 0.81. दोन एकर म्हणजे 0.809 हेक्टर, त्यामुळे कुणी खाली तोडलं, कुणी वर धरलं, एवढीच भानगड. पण पोर्टलशी वाद घालता येत नाही आणि पोर्टलमागच्या माणसाला गाठता येत नाही. तेव्हा एक गुंठा विका किंवा विकत घ्या, आकडा जुळेल.

छाटणीनंतर पाऊस पडू देऊ नका.

आता फवारणी. इथे नीट लक्ष द्या. युरोपला माल पाठवायचा तर कोणतं औषध चालेल आणि तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, याची यादी निघते. ती पाठ करा. ज्या औषधाच्या मालात उरलेल्या अंशाची मर्यादा त्यांनी वेगळी ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे हजार टन द्राक्षांत दहा ग्रॅम. तेव्हा ब्लोअरची टाकी कालच्या औषधानंतर तीनदा धुवा, नळ्या आणि नोझलसुद्धा. शेजारच्या टोमॅटोवर फवारा मारला जात असेल तर वाऱ्याला दिशा बदलायला सांगा. हे सगळं केलंत आणि मणी फुगवण्यासाठी दुकानातून एक 'टॉनिक' आणलंत. बाटलीवर समुद्री शेवाळ, ह्युमिक, अमिनो, शंभर टक्के सेंद्रिय. आत काय मिसळलंय ते दुकानदाराला माहीत नाही, तुम्हाला नाही. लॅबच्या मशिनला मात्र बरोब्बर कळतं. लॅबचा माणूस येतो, बागेत नागमोडी फिरून नमुना घेतो आणि तुम्ही जन्मात न आणलेलं कीटकनाशक रिपोर्टमध्ये उगवतं. प्लॉट फेल. पुन्हा नमुना द्यायचा म्हणजे औषध उतरायची वाट बघत बसायचं. तोवर मण्यातली साखर अठरा टक्क्यांच्या पुढे जाते, मणी पिवळा पडतो, आणि गिऱ्हाइकाला तर हिरवा मणी हवा असतो. शेवटी तोच माल लोकल व्यापाऱ्याच्या गाडीत, तो म्हणेल त्या भावाने. आणि यादी पाळली की सुटलो, असंही समजू नका. 2010 आठवतंय ना? खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला सगळेच लिहोसिन मारायचे. त्यातलं क्लोरमेक्वाट हे रसायन तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. इथले रिपोर्ट पास, कंटेनर रवाना, आणि युरोपच्या बंदरात तेच सापडलं. माल अडला, भाव कोसळले, कर्ज फिटायला वर्षं गेली. यादी करणाऱ्याचं काय झालं? काही नाही. फेल झाला तो शेतकरी.

प्लॉट पास झालाच तर तोडणी ऊन चढायच्या आत उरका. मणी 16 मिलिमीटरच्या वर, साखर सोळाच्या पुढे, देठ हिरवा, मण्यावरची लव पुसली जाता कामा नये. अर्ध्या किलोचे दहा पनेट, म्हणजे प्लास्टिकचे डबे, एका बॉक्सात, वर सल्फरचा कागद, म्हणजे ग्रेप-गार्ड. माल सहा-आठ तासांत शून्य अंशाच्या आसपास आला पाहिजे. प्रीकूलिंग चालू असताना वीज गेली तर जनरेटर लावा. डिझेलवर करारात सवलत आहे का, ते शोधून आम्हालाही कळवा.

तांबड्या समुद्रात गोळीबार सुरू असेल तर जहाज आफ्रिकेला वळसा घालून दहा-पंधरा दिवस उशिरा पोचतं. तेवढे दिवस देठाला सुकू नको म्हणून समजवा.

पैशाचं विचारू नका. भाव माल पोचल्यावर ठरतो, खराब निघालेल्या मालाचा क्लेम लागून पैसे कापले जातात, आणि निर्यातदाराचा फोन मार्चनंतर लागत नाही.

विदर्भातल्या संत्रावाल्यांसाठी वेगळी सूचना: शेजार बदला. बांगलादेशाने किलोमागे 20 टकांचं आयात शुल्क 2023 पर्यंत 88 टकांवर नेलं. त्याच डिसेंबरात राज्याने निम्म्या शुल्काइतक्या अनुदानाची घोषणा केली, तोवर आंबिया बहाराची निम्मी तोडणी उरकलेली. आणि कधी गुंतवणूक आणायची झालीच तर दावोसला जा. जानेवारी 2025 मध्ये तिथे 15.70 लाख कोटींचे करार झाले. त्यातल्या बऱ्याच कंपन्या आपल्याच देशातल्या, काही तर थेट मुंबई-पुण्याच्या. मंत्रालयातून रिक्षाने जाता आलं असतं, पण मंत्रालयाबाहेर बर्फ पडत नाही.

आणि फारच कंटाळा आला, तर स्कॉचवरचं 150 टक्के शुल्क करारानुसार आधी 75 वर आणि दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलंय. द्राक्षं गेली नाहीत, तरी तिकडून काहीतरी येईलच.

बास झाली थट्टा. करार दिल्ली करते. त्याला पाठिंबा द्यायला राज्याला दमडी लागत नाही, म्हणून तो इतक्या उत्साहात दिला जातो. शुल्क उतरलं तर चांगलंच आहे; चिली आणि दक्षिण आफ्रिकेला युरोपात आधीपासून सवलत आहे, आपण मागेच होतो. पण शुल्क शून्य झालं म्हणून फेल प्लॉट पास होत नाही. शेती राज्याचा विषय आहे. तेव्हा सरकार, आता तुम्ही ऐका: सातबारा तुमचा, मोजणी तुमची, कृषी सहायक तुमचा, प्रीकूलिंगला येणारी वीज तुमची. ते करायचं सोडून विमानतळावर हार घेऊन कसले उभे राहता? औषध दुकानाचा परवाना तुम्ही देता, गुणनियंत्रण निरीक्षक तुमच्या पगारावर आहे. छाटणीच्या आधी दिंडोरी, निफाड, तासगावच्या दुकानांतून त्या टॉनिकच्या बाटल्या उचला, तपासा, बोगस निघाली तर परवाना रद्द करा आणि कंपनीचं नाव तालुक्याच्या फलकावर लावा. आम्ही प्लॉट फेल झाल्यावर नाही, बाटली विकत घ्यायच्या आधी ते वाचलं पाहिजे.