रागावू नकोस हं

ऑक्टोबर हीट, ठाण्याहून सकाळची फास्ट, लेडीज डबा. अंगात बिनबाह्यांचा कुर्ता, हात वरच्या कडीला आणि काख बरोब्बर खाली गवार मोडत बसलेल्या मावशींच्या डोक्यावर. कड्या काही मी लावलेल्या नाहीत.

मुलुंड मागे पडलं तशी मावशींनी मान वर केली. शेंग हातात तशीच. गळका पाइप बघायला आलेला पालिकेचा माणूस बघतो तसं बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "रागावू नकोस हं. काढत नाहीस का गं?"

"काय?"

"केस!"

हे अख्ख्या डब्याला. खिडकीवालीनं इअरफोन काढले.

"वेळ नाही मिळाला, मावशी."

"आम्हाला कुठे होता गं वेळ? डाळीचं पीठ, हळद, साय. आंघोळ झाली की ओली तुरटी फिरवायची. सुनेला सांगितलं, तर म्हणते ऑनलाइन मागवते! तुरटी! खाली वाण्याकडे मिळते!"

पुढे विक्रोळीपर्यंत सूनच चालली. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात क्लिपा विकणारी गर्दीतून घुसली, "ताई, रोल-ऑन देऊ? आत्ताच ऐकलं."

मुळात ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या ग्रंथींचा घाम जरा दाट, त्यावर कातडीवरचे जिवाणू ताव मारतात आणि वास सुटतो तो त्यांच्या उद्योगांचा. केसांत घाम अडकून राहतो, हे मान्य. पण तुरटीत ॲल्युमिनियम, आणि घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्येही ॲल्युमिनियमचेच क्षार. म्हणजे मावशी बरोबर होत्या. राग त्याचाच जास्त आहे.

शिवाय पलीकडच्या जेन्ट्स डब्याच्या दारात बनियनवर लटकलेल्या महाशयांना कुणी विचारतं का, काढत नाही का हो? त्यांचं ते मर्दानी. माझं मात्र डबाभर चर्चेला. बरं, बायकांनी काखा तासायची ही टूम काही वेदकाळातली नाही. अमेरिकेत बिनबाह्यांचे झगे आले आणि १९१५ साली जिलेटनं बायकांसाठी वेगळा रेझर काढला. झगे त्यांचे, धंदा त्यांचा आणि इकडे आमची पार्लरवाली फुल आर्म्सचे घेऊन वर अंडरआर्म्सचे वेगळे लावते. ओढताना वर गप्पा मारते, आपण डोळ्यांतलं पाणी आवरत हं हं करायचं.

घाटकोपर आलं. मावशींनी गवार पिशवीत कोंबली, उठल्या. मी सीटवर टेकणार, तोच त्यांनी मला कोपरानं अडवून मागच्या मुलीला बसवलं.

"तू उभीच राहा गं," पदर खोचत म्हणाल्या, "जरा वारा लागू दे."